मांजराची शुगर घरी मोजणे

मांजराची शुगर घरी मोजणे : मधुमेह झालेल्या मांजराच्या कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेऊन त्यातील ग्लुकोजचे प्रमाण पालकाने घरच्या घरी ग्लुकोमीटरवर पाहण्याची पद्धत. इन्सुलिनचा डोस नेमका बसवण्यासाठी ती वापरतात. तिचा त्याहून मोठा उपयोग म्हणजे, दिलेला डोस मांजराच्या जिवावर बेतणार नाही ना, हे वेळीच कळते.

मांजराचा मधुमेह बहुधा माणसाच्या टाइप २ मधुमेहासारखा असतो. वय झालेले, वजन वाढलेले, नसबंदी केलेले आणि दिवसभर फ्लॅटमध्ये बसून असलेले बोके याला अधिक बळी पडतात. स्टेरॉइडच्या औषधांनीही तो उद्भवतो. शुगर साधारण २५० ते ३०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या पुढे गेली की मूत्रपिंडे तिला अडवू शकत नाहीत, ती लघवीत उतरते आणि सोबत पाणीही ओढून नेते. त्यामुळे पाण्याचे भांडे सारखे रिकामे होते, ट्रेमधली वाळू चिखलासारखी ओली होते आणि भरपूर खाऊनही पाठीचे मणके हाताला लागू लागतात. काही मांजरे मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागतात. हे म्हातारपण समजून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात मधुमेहाने नसांना झालेली ती इजा असते.

मोजणी घरीच का करावी, याचे उत्तर मांजराच्या स्वभावात आहे. मांजर घाबरले की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. एरवी ७० ते १५० च्या आसपास असणारी निरोगी मांजराची शुगरही अशा वेळी ३०० च्या वर गेलेली आढळते. मुंबईत मुलुंड किंवा बोरिवलीहून परळच्या पशुरुग्णालयात मांजर न्यायचे तर आधी त्याला बास्केटमध्ये बसवायचे, आणि रिक्षा सायन-वांद्र्यापुढे जात नसल्याने टॅक्सी करायची. मग हॉर्न, ट्रॅफिक, आणि पोहोचल्यावर शेजारच्या बाकावर भुंकणारा कुत्रा. एवढ्यानंतर आलेला आकडा मधुमेहाचा किती आणि भीतीचा किती, हे सांगता येत नाही. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले आणि घरी आल्यावर मांजर शांत झाले, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. निदानासाठी डॉक्टर मागील एक-दोन आठवड्यांतल्या शुगरचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीन तपासणी करून घेतात. रोजच्या डोसासाठी मात्र घरच्या आकड्याला पर्याय नाही.

रक्त घ्यायची जागा म्हणजे कानाच्या बाहेरच्या कडेलगत जाणारी बारीक शीर आणि कानाची कड यांमधली चिंचोळी पट्टी. कान गार असेल तर रक्त येत नाही. म्हणून पायमोज्यात कच्चे तांदूळ भरून तो कोमट करतात, आधी आपल्या मनगटाला लावून पाहतात आणि मग मिनिटभर कानाला धरतात. कडेवर पुसटसे व्हॅसलीन लावले की थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. कानामागे घडी घातलेला कापूस धरायचा, सुई टोचायची, थेंबाला ग्लुकोमीटरच्या पट्टीचे टोक लावायचे आणि मग त्याच कापसाने अर्धा मिनिट दाबून ठेवायचे. नाहीतर कानावर काळानिळा डाग पडतो. कान अजिबात धरू न देणाऱ्या मांजरांच्या पंजाच्या गादीतूनही रक्त घेता येते. सुरुवातीचे आठ दिवस सुई न टोचता नुसता कान शेकून उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा. ही सवय लावण्यात वेळ गेला तरी तो वाया जात नाही, कारण पुढे तेच मांजर खाऊच्या आशेने आपणहून मांडीवर येऊन बसते.

माणसांचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तावर बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, आणि शुगर जितकी जास्त तितका फरक वाढतो. माणसाच्या रक्तातील ग्लुकोजचा बराच मोठा वाटा लाल पेशींत असतो, मांजराच्या रक्तात तो जवळजवळ सगळा प्लाझ्मात असतो. यंत्राचे गणित तिथे चुकते. प्राण्यांसाठीची वेगळी यंत्रे आहेत, पण त्यांच्या पट्ट्या महाग पडतात. आजी-आजोबांसाठी घेतलेले घरातले यंत्र वापरले तरी चालते. मात्र नेहमी तेच वापरावे आणि कोणते वापरतो ते डॉक्टरांना सांगावे. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा पट्ट्या खराब करते, म्हणून डबीचे झाकण पट्टी काढताच बंद करावे.

सिरिंजची चूक त्याहून घातक. भारतात ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशी दोन्ही ताकदींची इन्सुलिने मेडिकलमध्ये मिळतात. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण लाल, १०० साठीच्या सिरिंजचे नारिंगी. मांजरांना बरेचदा दिले जाणारे ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन १०० चे असते. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरले तर अडीचपट डोस जातो. डोस मुळात एक-दोन युनिटचा, त्यामुळे ही चूक जीव घेऊ शकते.

इन्सुलिन दर बारा तासांनी देतात आणि प्रत्येक इंजेक्शनआधी शुगर पाहतात. नोकरीवाल्या घरांत सकाळची लोकल पकडण्याआधी सात आणि संध्याकाळी परतल्यावर सात ही वेळ बहुधा जमते. नवख्याने आकडा २०० च्या खाली दिसल्यास इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना फोन करावा. मांजर जेवत नसेल किंवा उलटी करत असेल, तरीही आधी विचारावे. सुटीच्या दिवशी दर दोन तासांनी मोजून बारा तासांचा आलेख काढतात. त्यातला सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० दरम्यान असावा असे बरेच पशुवैद्य धरतात.

शुगर एक दिवस जास्त राहिली तर सहसा निभावते. कमी झाली तर तासाभरातही घात होऊ शकतो. आकडा ६० च्या खाली, चाल लडखडती, नजर हरवलेली, अंग थरथरणारे असे दिसले की मांजर खात असेल तर लगेच खायला द्यावे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून हिरड्यांवर चोळावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नये. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजत दवाखाना गाठावा, कारण इन्सुलिनचा अंमल मधापेक्षा जास्त वेळ टिकतो.

अंगाला चिकटवून सतत शुगर दाखवणारा, माणसांसाठीचा फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सरही मांजरांना लावतात. त्याची मुदत १४ दिवसांची असली तरी मांजरांच्या अंगावरून तो अनेकदा आधीच निघतो. तो रक्तातली नव्हे, तर पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली शुगर मोजतो, म्हणून फार कमी आकडा दिसला तर कानातून खात्री करावी.

आहाराचा परिणामही शुगरचे आकडे लिहून ठेवलेल्या वहीत उमटतो. दूध-पोळी आणि दूध-भात ही आपल्या घरांतली मांजराची जुनी थाळी पिष्टाने भरलेली असते, सुके दाणेही बहुतांशी तसेच. ती बदलून कमी पिष्टाचे ओले खाद्य सुरू केले की शुगर झपाट्याने उतरू शकते, म्हणून हा बदल इन्सुलिनचा डोस सांभाळत, डॉक्टरांना कळवूनच करतात.

मार्गदर्शनासाठी मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय, तिथेच १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि महालक्ष्मीचे २०२४ मध्ये उघडलेले टाटा ट्रस्ट्सचे प्राणी रुग्णालय आहे. लवकर उपचार मिळालेल्या काही मांजरांचे इन्सुलिन काही महिन्यांत पूर्ण बंद होते. त्यानंतरही आठवड्यातून एकदा कान शेकला जातो, कारण वजन पुन्हा वाढले किंवा स्टेरॉइड द्यावे लागले तर मधुमेह परत येऊ शकतो.