नैतिकता आयोग, लॉस एंजेलिस

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या कारभारात पदाधिकाऱ्यांचे खासगी हितसंबंध, निवडणुकीतला पैसा आणि लॉबिस्टांचे, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी रदबदली करणाऱ्यांचे, व्यवहार यांवर देखरेख करणारी पाच सदस्यांची संस्था. शहराच्या सनदेने, म्हणजे चार्टरने, तिला अधिकार दिले आहेत. जून १९९० मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन एच’ हा प्रस्ताव मंजूर केल्यामुळे ती अस्तित्वात आली. भारतातील नीती आयोगाशी तिचा काही संबंध नाही.

या आयोगाचे मूळ एका महापौराच्या प्रकरणात आहे. टॉम ब्रॅडली १९७३ पासून महापौर होते आणि त्यांना मोठी लोकमान्यता होती. १९८९ मध्ये उघड झाले की, ते एका स्थानिक बँकेचे मानधन घेणारे सल्लागार होते आणि त्याच बँकेत शहराच्या तिजोरीतले पैसे ठेवले गेले होते. त्यांच्यावर फौजदारी खटला भरला गेला नाही, पण लोकांचा विश्वास डळमळला. ब्रॅडली यांनीच जेफ्री कोवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतून आयोगाची कल्पना पुढे आली. मतदारांसमोर गेलेल्या प्रस्तावात नियमांबरोबरच निवडून आलेल्यांची पगारवाढही होती. वरकमाईचे मार्ग बंद करायचे तर पगार पुरेसा हवा, हा त्यामागचा विचार रास्तच होता.

पाच सदस्यांपैकी महापौर, शहराचे कायदाविषयक काम पाहणारे सिटी अ‍ॅटर्नी, शहराचे हिशेब पाहणारे कंट्रोलर, सिटी कौन्सिलचे (शहराच्या निर्वाचित सभागृहाचे) अध्यक्ष आणि कौन्सिलचे हंगामी अध्यक्ष हे प्रत्येकी एक सदस्य सुचवतात. त्या नावाला कौन्सिलची मंजुरी लागते. मुदत पाच वर्षांची असते. सगळ्यांच्या मुदती एकदम संपत नाहीत, त्यामुळे एकाच वर्षी सगळा आयोग बदलत नाही. पूर्ण मुदत भोगलेल्याला पुन्हा नेमता येत नाही. हा नियम छोटा दिसला तरी सगळ्या रचनेचा कणा तोच आहे: पुन्हा नेमणुकीची आशाच नसेल, तर नेमणाऱ्याची मर्जी राखण्याचे कारण उरत नाही. सदस्याला दुसरे सार्वजनिक पद घेता येत नाही, लॉबिस्ट म्हणून काम करता येत नाही आणि शहराच्या निवडणुकीत कुणाला देणगी किंवा जाहीर पाठिंबा देता येत नाही. रोजचे काम आयोगाने नेमलेला कार्यकारी संचालक आणि त्याचा कर्मचारीवर्ग पाहतो.

निवडणुकीतल्या पैशावर इतका भर का, हे शहराचा आकार पाहिल्यावर कळते. सुमारे ३९ लाख लोकवस्तीसाठी कौन्सिलचे सदस्य अवघे १५. एकेका मतदारसंघात अडीच लाखांहून अधिक लोक. दारोदार फिरून एवढ्यांपर्यंत पोहोचणे अवघड, म्हणून प्रचाराला पैसा लागतो आणि तो देण्यात सर्वाधिक रस ज्यांची बांधकामे मंजुरीसाठी अडकलेली असतात त्यांना. देणग्यांवरच्या मर्यादांची अंमलबजावणी आयोग करतो. अटी मान्य करून पात्र ठरलेल्या उमेदवाराला शहरवासीयांच्या छोट्या देणग्यांवर सार्वजनिक निधीतून सहापट रक्कम मिळते. मोठ्या प्रकल्पांचे अर्ज प्रलंबित असलेल्या विकासकांच्या देणग्यांवर २०२२ पासून बंदी आहे. लॉबिस्टांची नोंदणी आणि त्यांचे तिमाही अहवाल, पदाधिकाऱ्यांची मालमत्ता व भेटवस्तूंची विवरणपत्रे हेही आयोगाकडेच येते. २००७ पासून शाळा मंडळाच्या निवडणुकीतील देणग्यांचे नियमही त्याच्या कक्षेत आले.

तक्रार कुणीही करू शकतो. चौकशी गोपनीय असते, पण दंडाचा निर्णय जाहीर बैठकीत होतो. आयोग कुणाला तुरुंगात धाडू शकत नाही. त्याच्या हातात दंड आहे. कौन्सिलचे माजी सदस्य मिच इंग्लंडर यांनी एका उद्योजकाकडून लास व्हेगसमध्ये रोख रकमेचे पाकीट घेतले होते. तपासयंत्रणेपासून माहिती लपवल्याची कबुली दिल्यावर संघराज्याच्या न्यायालयाने त्यांना कैद सुनावली. आयोगाने भेटवस्तूंच्या नियमभंगाबद्दल पुढे २०२३ मध्ये दंड केला. कौन्सिलचे आणखी एक माजी सदस्य होझे विझार यांना लाचखोरीच्या जाळ्याबद्दल जानेवारी २०२४ मध्ये १३ वर्षांची शिक्षा झाली, तीही संघराज्याच्या तपासामुळेच. मोठी लाच पकडण्याची ताकद या आयोगाकडे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. त्याचे खरे काम त्याआधीचे आहे: कोणी कोणाला किती दिले, कोण कोणासाठी रदबदली करतो, हे नागरिकांना वेळेवर दिसू देणे.

रचनेतला दोष मात्र जुनाच आहे. ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच सदस्य सुचवतात, मंजुरी देतात आणि अंदाजपत्रकही ठरवतात. २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहिल्याने गणसंख्या पुरी होईना आणि आयोगाच्या बैठका अडल्या. त्याच वर्षी कंट्रोलरने सुचवलेले एक नाव कौन्सिलने फेटाळले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अशाच पाच सदस्यांच्या आयोगाला चार मतांच्या बळावर एखादा नियम थेट मतदारांसमोर नेता येतो आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या भेटवस्तूंवरच्या कडक नियमांना मतदारांची मंजुरी तशीच मिळाली. लॉस एंजेलिसच्या आयोगाला मात्र कौन्सिलचे दार ठोठवावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी चार्टर दुरुस्ती ‘ईआर’ मंजूर करून दंडाची कमाल मर्यादा वाढवली आणि आयोगाला किमान वार्षिक निधीची हमी दिली. थेट मतदारांकडे जाण्याचा अधिकार त्या दुरुस्तीत नव्हता.