दिवाळी बोनस कुणाला, किती आणि नाही दिला तर अर्ज कुठं करायचा (बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कामगारांसाठी)

दसरा जवळ आला की उद्यमबाग, मच्छे, होनगा, बेळगावच्या सगळ्या कारखान्यांच्या भागात एकच विषय, यंदा बोनस किती. खंडेनवमीला मशीनला झेंडू चढतोय, पेढे वाटून होतात, मग कुणाला पाकीट, कुणाला मिठाईचा बॉक्स आणि स्टीलचा डबा, आणि बरीच जणं तेवढं घेऊन खुशीत गावाकडं जातात. घ्यावं की, त्यात काय वाईट नाही. पण डबा आणि बॉक्स ही मालकाची खुशी आहे आणि बोनस हा हिशोबाचा पैसा आहे, तो हिशोब आपल्यातल्या फार थोड्यांना येतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं. पूर्वी यासाठी १९६५ चा बोनस कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आणि बोनसचा भाग त्यात गेला. बऱ्याच ऑफिसात आणि सीएकडं अजून जुन्या कायद्याचीच भाषा चालते, त्यामुळं कुणी "बोनस ॲक्ट" म्हटलं तर गोंधळू नका, मुख्य नियम बहुतेक तेच आहेत, तक्रारीचा रस्ता मात्र बदललाय, ते खाली येईलच.

कुणाला मिळतो

ज्या ठिकाणी वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी २० किंवा जास्त माणसं कामाला होती तिथं बोनस द्यावाच लागतोय. कारखानाच पाहिजे असं नाही, मोठं दुकान, शोरूम, हॉटेल, ट्रान्सपोर्ट ऑफिस सगळं आलं. "आमच्याकडं १८ च माणसं" असं ऐकायला मिळतं, तेव्हा ठेकेदाराची आणि हंगामी पोरं धरली का ते विचारा. अजून एक अंदाज सांगतो, पीएफचा कायदापण साधारण २० माणसांपासूनच लागतोय, म्हणजे तुमचा पीएफ कटत असेल तर २० चा प्रश्न बहुतेक सुटलेला असतोय.

दुसरी अट पगाराची. महिन्याचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता) २१,००० रुपयांपर्यंत पाहिजे. हा आकडा २०१५ च्या दुरुस्तीतला आहे, आता सरकार नुसत्या अधिसूचनेनं तो बदलू शकतंय, म्हणून अर्ज करायच्या आधी चालू आकडा एकदा विचारून घ्या. इथं एक घोळ नेहमी होतो. ईएसआयची (कामगार विम्याची) मर्यादापण २१,००० ऐकलेली असते, तिथं नवीन संहिता येईपर्यंत बहुतेक भत्ते धरून पगार बघायचे, इथं बेसिक-डीए. त्यामुळं "तुझा ईएसआय बंद झाला, आता बोनसपण बंद" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका, पगाराची पावती काढून बेसिक-डीए बघा.

तिसरी अट एकदम सोपी, त्या वर्षात किमान ३० दिवस काम केलेलं पाहिजे. कायम, टेम्पररी, बदली, पीस रेट, कसलापण कामगार चालतोय. वर्षाच्या मध्ये काम सोडलं तरी तेवढ्या दिवसांचा बोनस निघतोय, हे लोकांना माहीतच नसतं, सोडून गेलेला पोरगा दिवाळीत परत गेटवर जायला लाजतोय आणि पैसे तिथंच राहतात. पगारी रजा, बाळंतपणाची पगारी रजा, कामावर जखम होऊन घरी बसलेले दिवस, ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकानं घरी बसवलेले) दिवस हे सगळं हजेरीतच धरायचं असतंय.

ज्यांना नाही मिळत ते पटकन सांगतो. अप्रेंटिस कायद्याखाली लागलेली आयटीआयची पोरं. शिक्षण संस्था आणि नफ्यासाठी न चालणारी हॉस्पिटलं, ट्रस्ट यातले कर्मचारी, आणि बेळगावात अशी मंडळी भरपूर आहेत, त्यांना संस्था देते ते तिच्या मर्जीनं. सरकारी खात्यातले लोक. रेल्वेवाल्यांचा ७८ दिवसांचा बोनस असतोय तोपण वेगळा, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही. नवीन कारखाना असेल तर पहिली पाच वर्षं ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षी द्यावा लागतोय. आणि फसवणूक, चोरी, कारखान्यात मारामारी किंवा तोडफोड, लैंगिक छळाच्या केसमध्ये शिक्षा, यासाठी ज्याला काढून टाकलंय त्याचा हक्क जातोय. नुसती सुपरवायझरशी बाचाबाची झाली म्हणून बोनस अडवता येत नाही.

गणपत गल्ली, खडे बाजारात पाच-सहा माणसांची दुकानं आहेत, तिथं कायदा लागत नाही, रीत चालते. कुणी एक पगार देतोय, कुणी कापड. ते मालक आणि माणूस यांच्यातलं आहे.

हिशोब

कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. ८.३३ म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजेच एक महिना. कारखाना तोट्यात असला तरी ८.३३ टक्के द्यावेच लागतात (नवीन कारखान्याची वर सांगितलेली सवलत सोडून). "यंदा मार्केट डाऊन आहे, ऑर्डर नाहीत" हे कारण २० च्या ऐवजी ८.३३ देण्यापुरतं चालेल, शून्य देण्यासाठी चालत नाही.

आता खरी गोम इथं आहे बघा. बोनस काढताना पूर्ण पगार धरत नाहीत, एक वरची मर्यादा धरतात. ती म्हणजे ७,००० रुपये किंवा सरकारनं तुमच्या कामासाठी ठरवलेलं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल ते. पहिला अर्धा भाग सगळ्या क्लार्क लोकांना पाठ असतोय, "जे जास्त असेल ते" हे मात्र सोयीनं विसरतात.

समजा तुमचा बेसिक-डीए १५,००० आहे आणि तुमच्या कामाचं किमान वेतन १३,००० आहे (आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत, आपलं किमान वेतन कामाच्या प्रकारावर आणि झोनवर ठरतंय आणि डीएप्रमाणं वाढत जातंय). ७,००० धरून काढलं तर ७,००० गुणिले १२ म्हणजे ८४,०००, त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ६,९९७ रुपये. बरोबर काढलं तर १३,००० गुणिले १२ म्हणजे १,५६,०००, त्याचे ८.३३ टक्के १२,९९५ रुपये. जवळजवळ सहा हजाराचा फरक आणि व्हाउचरवर दोन्हीकडं "८.३३ टक्के" असंच लिहिलेलं असणार. म्हणून बोनस हातात आला की टक्के विचारू नका, किती रकमेवर काढला ते विचारा. ६,९९७ किंवा ७,००० च्या आसपासचा आकडा दिसला की समजायचं, कुणीतरी अर्धाच फॉर्म्युला लावलाय.

सहा महिनेच काम केलं असेल तर याच्या निम्मं, असं हजेरीच्या प्रमाणात कमी होत जातंय.

दुसरी युक्ती पगाराच्या पावतीतच असते. एकूण पगार २०,०००, त्यात बेसिक-डीए मिळून फक्त ७,००० आणि घरभाडं, कन्व्हेयन्स असले भत्ते १३,०००. नवीन संहितेप्रमाणं असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. इथं निम्मे म्हणजे १०,०००, वरचे ३,००० वेतनात आले, म्हणजे वेतन झालं १०,०००. ओव्हरटाइम मात्र बोनससाठी धरत नाहीत. बोनसमधून पीएफपण कापायचा नसतोय.

पाकीट, डबा, उचल

मालकानं दसऱ्याला किंवा दिवाळीला बोनस म्हणूनच आधी रोख रक्कम दिली असेल तर ती नंतरच्या बोनसमधून वजा करता येते, यात बेकायदेशीर काही नाही. पण कुकर, डबा, मिठाई, शर्टपीस याची किंमत लावून बोनसमधून वजा करणं जमत नाही, कारण नवीन नियमानं बोनस बँक खात्यात जमा करायचा असतोय आणि कुकर काय खात्यात जमा होत नाही. दिवाळीची उचल ही तिसरीच गोष्ट, ती कर्ज आहे, हप्त्यानं पगारातून कटणार. तेव्हा सही करताना कागदावर काय लिहिलंय ते बघा, ॲडव्हान्स लिहिलंय की बोनस. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतोय, वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराला वाचायला लावा, फोटो काढून ठेवा. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या कोऱ्या व्हाउचरवर तर सही करूच नका, मालक कितीपण जवळचा असू दे.

कधीपर्यंत द्यायला पाहिजे

हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. बहुतेक ठिकाणी वर्ष मार्चला संपतंय, म्हणजे ३० नोव्हेंबर. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीत नाही मिळाला तरी कायद्यानं मालकाच्या हातात अजून तीन आठवडे असतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन पळू नका, डिसेंबर उजाडला की मात्र थांबू नका.

कागदं कुठली

नेमणूक पत्र असेल तर उत्तम, आपल्याकडं अर्ध्या लोकांकडं नसतंय. नसेल तर गेट पास, ओळखपत्र, हजेरी कार्डाचा फोटो, पगाराच्या पावत्या. ज्या बँक खात्यात पगार येतोय त्याचं एप्रिल ते मार्च पूर्ण स्टेटमेंट. पीएफचं पासबुक उमंग ॲपवरून काढा, हा सगळ्यात दमदार कागद, कारण त्यात कंपनीचं नाव, महिने आणि कुठल्या पगारावर पीएफ भरला ते सगळं असतंय आणि ते कंपनीनंच भरलेलं आहे, नाही म्हणणार कसं. ईएसआय कार्ड, आधार, मागच्या वर्षीच्या बोनसची पावती किंवा बँक एंट्री. निपाणीकडं बिडी वळणाऱ्या बायकांनी आपलं पासबुक जपून ठेवावं, किती हजार बिड्या दिल्या त्याच्या नोंदीवरच मजुरी आणि पुढचा सगळा हिशोब उभा राहतोय. कामगार वारला असेल तर त्याच्या नॉमिनीला किंवा वारसाला ही रक्कम मागता येते, तेव्हा मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जोडायचा.

अर्ज

पहिला अर्ज कंपनीलाच. तोंडी विचारलेलं कुठं धरलं जात नाही. साध्या कागदावर, आपलं नाव, टोकन नंबर, डिपार्टमेंट, कधीपासून कामाला, २०२५-२६ चा बोनस मिळाला नाही किंवा एवढाच मिळाला, किती रकमेवर काढला त्याचा हिशोब लेखी द्यावा आणि बाकी रक्कम बँक खात्यात जमा करावी, एवढंच लिहा. चार पानं तक्रारीची लिहू नका, मागच्या दहा वर्षांचं सगळं त्यात घालू नका. दोन प्रती करा, एकीवर पोहोच घ्या. ऑफिस घेत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिसळलंय). एकट्यानं अर्ज दिला की माणूस नजरेत येतोय हे खरं आहे, म्हणून जमत असेल तर दहा-बारा जणांनी मिळून द्या किंवा संघटनेच्या लेटरहेडवर द्या.

पंधरा दिवस वाट बघून उत्तर नाही आलं तर कामगार खातं, म्हणजे बोर्डावर कन्नडमध्ये कार्मिक इलाखे लिहिलेलं ऑफिस. आपल्या भागाचे लेबर इन्स्पेक्टर कोण ते तिथं कळतंय, नवीन कायद्यात त्यांचं नाव निरीक्षक-तथा-सुलभकर्ता झालंय पण तसं विचारलंत तर शिपाईपण हसेल, लेबर इन्स्पेक्टरच म्हणा. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असला तर फाइल लवकर हलते, हा व्यवहार आहे, इथं भाषेचा वाद काढून आपलेच दिवस घालवू नका, टायपिंगवाले कन्नडमध्ये करून देतात. मराठी प्रत आपल्याजवळ ठेवा म्हणजे आपण काय लिहिलंय ते आपल्याला माहीत असेल. बऱ्याचदा इन्स्पेक्टरचा एक फोन किंवा नोटीस गेली की कंपनीचा क्लार्क स्वतःहून हिशोब घेऊन येतोय.

तरी नाही झालं तर संहितेच्या कलम ४५ खाली दावा. तो सरकारनं नेमलेल्या राजपत्रित दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर चालतोय. कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत संघटना किंवा इन्स्पेक्टर, कुणीपण दावा घालू शकतंय. मुदत तीन वर्षांची आहे, जुन्या कायद्यात वसुलीचा अर्ज एका वर्षात करावा लागायचा. अधिकारी बाकी रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाईचा आदेश देऊ शकतो आणि निकाल तीन महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतोय, प्रयत्न म्हटलंय हे लक्षात ठेवा. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, बोनस दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. "दिला होता की रोख" असं म्हणून सुटता येत नाही, कागद दाखवावा लागतोय. कमी दिल्याबद्दल मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंडपण आहे.

ठेकेदाराकडून कामाला असाल तर आधी ठेकेदाराकडं मागा, त्यानं हात वर केले तर ज्या कारखान्यात काम केलं त्याच्यावर जबाबदारी येते. अर्जात दोघांचीपण नावं घाला.

आता आपल्या सीमेवरच्या लोकांचा खास प्रश्न. अर्ज राहत्या पत्त्यावर ठरत नाही, काम कुठं केलं त्यावर ठरतोय. चंदगडचा माणूस रोज बेळगावात येऊन फाउंड्रीत काम करतो, रेशन कार्ड महाराष्ट्राचं, तरी अर्ज कर्नाटकाच्या कामगार खात्यात. उलट निपाणीची जी पोरं कागलच्या एमआयडीसीत जातात त्यांनी चिकोडी-बेळगावला हेलपाटे मारून उपयोग नाही, त्यांचं ऑफिस कोल्हापूर. खानापूरकडून गोव्यात कामाला असतील त्यांचं गोव्यात. किमान वेतनपण त्याच राज्याचं धरायचं, म्हणून वरचा हिशोब करताना शेजारच्याचा आकडा उचलू नका, तुमच्याच गल्लीतला असला तरी त्याचा कारखाना दुसऱ्या राज्यात असू शकतोय.

राहिला टॅक्स. बोनस पगारातच धरला जातोय, मालक वर्षअखेरीला देतो त्या टॅक्सच्या दाखल्यात (आतापर्यंत फॉर्म १६) दिसतोय. वस्तूच्या रूपातल्या भेटीला ठराविक रकमेपर्यंत सूट असते, रोख पाकिटाला नसते. २१,००० च्या आतल्या पगारावर सहसा टॅक्स बसत नाही, त्यामुळं "टॅक्स कापला" म्हणून कुणी बोनस कमी दिला तर तो टीडीएस (पगारातून कापलेला टॅक्स) कुठं भरला ते तुमच्या पॅनच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये (आतापर्यंत फॉर्म २६एएस) दाखवायला सांगा.