वेब फीड : ग्रंथालयातील वापर

वेब फीड : संकेतस्थळावर किंवा ब्लॉगवर आलेल्या नव्या मजकुराची, यंत्राला वाचता येईल अशी यादी. प्रत्येक नोंदीत सामान्यतः शीर्षक, दुवा, सारांश, दिनांक आणि ती नोंद वेगळी ओळखता येईल असे ओळखचिन्ह असते. ग्रंथपाल अशा याद्या फीड रीडरमध्ये, म्हणजे त्या एकत्र दाखवणाऱ्या प्रणालीत, जोडतो. मग एकेक स्थळ उघडत बसावे लागत नाही. ग्रंथालयशास्त्रात फीडचा विचार प्रचलित जागरूकता सेवा (नव्या साहित्याची सर्वांना वर्दी) आणि निवडक माहिती प्रसारण सेवा (एकेका वाचकाच्या गरजेपुरती वर्दी) या दोन्ही सदरांखाली होतो. दुसऱ्या सेवेची कल्पना सामान्यतः आयबीएम या संगणक कंपनीतील हान्स पीटर लून यांच्या १९५८ च्या सुमारास झालेल्या मांडणीशी जोडतात. वाचकाच्या गरजेची नोंद ठेवायची आणि नवा प्रलेख आला की तो तिच्याशी ताडून पाहायचा, असे तिचे सूत्र होते.

उगम : याबाबत एकवाक्यता नाही. एका मतानुसार मूळ संगणकशास्त्रज्ञ रामनाथन गुहा यांनी १९९५ नंतर ॲपलमध्ये केलेल्या अधिसामग्रीविषयक (माहितीबद्दलच्या माहितीविषयक) कामात आहे. दुसरे मत संगणक-प्रणालीकार डेव्ह वायनर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या ब्लॉगसाठी केलेल्या नमुन्याला, म्हणजे फीड लिहिण्याच्या ठरावीक साच्याला, अग्रमान देते. मायक्रोसॉफ्टचा ‘चॅनेल’ नमुनाही त्याच वर्षीचा. तिसरे मत मार्च १९९९ मधील नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या आरएसएस या फीड-नमुन्याच्या ०.९० आवृत्तीपासून गणना करते. त्यामागे गुहा आणि डॅन लिबी होते. आधीच्या प्रयत्नांचे ऋण मान्य करूनही हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण त्या नमुन्याची थेट संतती आजही वापरात आहे. त्याच वर्षी जुलैत आलेल्या ०.९१ मध्ये वायनर यांच्या नमुन्यातील काही घटक सामावले गेले. पुढे दोन शाखा झाल्या. डिसेंबर २००० मधील १.० ही आवृत्ती आरडीएफ या अधिसामग्री मांडण्याच्या पद्धतीवर आधारलेली आहे, तर सप्टेंबर २००२ मधील २.० ही ०.९x मालिकेची वारस आहे. म्हणजे २.० ही १.० ची सुधारित आवृत्ती नव्हे. पाठ्यपुस्तकांनी तरी हा क्रम सरळ रेषेत मांडू नये. या दोन शाखांच्या वादातूनच ॲटम हा तिसरा नमुना निघाला आणि डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७ (इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजांतील एक) म्हणून प्रमाणित झाला.

तालिकाकाराला या भेदाचा एक व्यावहारिक परिणाम जाणवतो. आरएसएस २.० मधील ‘ऑथर’ घटकात लेखकाचा ई-मेल पत्ता अपेक्षित आहे, नाव नव्हे. म्हणून अनेक प्रणाली नावासाठी डब्लिन कोअर या अधिसामग्रीच्या प्रमाणित घटकसंचातील ‘क्रिएटर’ घटक वापरतात. रीडरमध्ये लेखकाचा रकाना रिकामा दिसला, तर आधी हे तपासावे.

जोडणी : वर्डप्रेस या ब्लॉग व संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवरील स्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला की बहुधा फीड मिळते. कोहा या ग्रंथालय-प्रणालीच्या ओपॅकमध्ये (वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेत) कोणत्याही शोधनिकालाची फीड घेता येते. निकाल दाखल दिनांकानुसार उतरत्या क्रमाने लावले की तीच नवागत ग्रंथांची यादी होते. डीस्पेस ही संस्थेचे डिजिटल साहित्य साठवण्याची प्रणाली प्रत्येक संग्रहाची फीड देते. आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या मुक्त संग्रहावर ‘डिजिटल लायब्ररीज’ हा स्वतंत्र विभाग आहे. तेथे शनिवार-रविवारी नवे निबंध जाहीर होत नाहीत, म्हणून त्या दिवशी त्याची फीड रिकामी दिसली तर तो बिघाड समजू नये.

पबमेड या वैद्यक व जीवशास्त्रविषयक लेखांच्या सूचीत शोधसूत्राचीच फीड बनवता येते आणि खरी निवडक सेवा इथे सुरू होते. तासगाव भागातील द्राक्षांवर काम करणाऱ्या प्राध्यापकाला भुरीविषयीचे लेख हवे असतील, तर नुसते ‘ग्रेप’ देऊन मद्यापासून पोषणापर्यंत सगळे येईल. त्याऐवजी भुरीच्या बुरशीचे शास्त्रीय नाव, एरिसायफी नेकॅटर, शीर्षक व सारांश या क्षेत्रांपुरते द्यावे. हळदीबाबत ‘कर्क्युमिन’ हा शब्द एकटा देणे म्हणजे औषधशास्त्राचा लोंढा अंगावर घेणे. लागवड, वाण किंवा कंदकूज यांपैकी एक संज्ञा सोबत जोडावी. सूत्र महिनाभर चालवून पाहावे आणि मगच त्यावर वाचकाची संमती घ्यावी.

बिघाड : फीडमध्ये सर्व जुना मजकूर नसतो. वर्डप्रेस मुळात शेवटच्या १० नोंदीच देते. संगणकावर बसवलेला रीडर दिवाळीच्या सुटीत बंद राहिला, तर मधल्या नोंदी यादीतून खाली घसरून कायमच्या निसटतात. म्हणून सर्व्हरवर चालणारा रीडर बरा. सुटे ‘अँड’ चिन्ह (&) किंवा फीडच्या आरंभी असणाऱ्या एक्सएमएल घोषणेच्या (फाइलची भाषा सांगणाऱ्या ओळीच्या) आधी आलेली एक कोरी ओळ एवढ्यानेही फीड उघडत नाही. आपल्याच ब्लॉगवर असे झाले तर नुकतेच बदललेले थीम वा प्लगइन पाहावे. स्थळाचा पत्ता बदलताना ओळखचिन्हे बदलली, तर जुन्या नोंदी पुन्हा नव्या म्हणून येतात. मराठी शीर्षके अगम्य रोमन अक्षरांत दिसली, तर मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फाँटमधून चिकटवलेला असतो. रीडर बदलून ते सुधारत नाही.

फीडची संख्या हा वेगळाच बिघाड. आरंभी २०–२५ फीड पुरेशा आहेत. व्यवसायविषयक, वाचकांसाठीच्या आणि शासकीय अशा तीन कप्प्यांत त्या ठेवाव्यात. ज्या फीडमधून तीन महिन्यांत एकही नोंद कुणाला पाठवावीशी वाटली नाही, ती काढावी. इथे भिडस्तपणा महाग पडतो. वाचकांच्या व्हॉट्सॲप गटात शीर्षक, दोन ओळी आणि दुवा एवढेच द्यावे. पूर्ण लेख चिकटवल्यास प्रताधिकाराचा प्रश्न येतो.

यादीचे जतन : रीडरमध्ये जोडलेल्या फीडची यादी ओपीएमएल या लहानशा फाइलमध्ये उतरवता येते. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ज्यांनी ही फाइल काढून ठेवली होती त्यांना दुसरीकडे जाणे सोपे गेले. प्रत ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर, निदान ई-मेलमध्ये असावी. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगली नगर वाचनालयाच्या संग्रहाची मोठी हानी झाली. संगणकही इमारतीच्या तळमजल्यावर असेल तर यादीची गत वेगळी होत नाही.

सातारा-सांगली भागात दोन स्तर वेगळे धरावेत. महाविद्यालयीन ग्रंथालयाला शोधसूत्रांची फीड उपयोगी पडते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खालील ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गाच्या गाववाचनालयात मात्र संगणक असेलच असे नाही. तेथे तालुक्याच्या ग्रंथालयाने फीड वाचून आठवड्याला एक छापील पान पाठवणे व्यवहार्य ठरते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये निघणाऱ्या परिपत्रकांना अनेकदा फीड नसते. त्यासाठी पान बदलल्याची सूचना देणारी सेवा लावावी किंवा जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे चौकशी करावी.