भूतफेरी

भूतफेरी : अंधार पडल्यावर वाटाड्याच्या मागोमाग पायी हिंडत शहरातील ‘झपाटलेल्या’ जागा पाहण्याचा आणि त्यांच्या गोष्टी ऐकण्याचा पर्यटनप्रकार. ‘घोस्ट वॉक’ या नावानेही तो ओळखला जातो. फेरी साधारणपणे तास-दीड तासाची असते, चालणे एक-दोन किलोमीटरचे आणि थांबे सहा ते दहा. भूत दाखवण्याची हमी कोणी देत नाही. ते दिसेल असे वाटत राहावे, एवढ्यासाठीच तिकीट असते. प्रस्तुत नोंदीत या प्रकाराची ओळख करून देऊन कोल्हापुरात तो कोणत्या वळणाने जाऊ शकतो, याचा विचार केला आहे.

आजच्या रूपातली भूतफेरी ब्रिटनमध्ये घडली. यॉर्क येथील एक फेरी १९७३ पासून चालू असल्याचे सांगते आणि स्वतःला जगातली पहिली म्हणवते. एडिंबरामध्ये ग्रेफ्रायर्स दफनभूमीतल्या जॉर्ज मॅकेंझी या सतराव्या शतकातल्या वकिलाच्या थडग्याभोवती १९९९ पासून रात्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या. भारतात दिल्लीच्या पर्यटन खात्याने २०२३ मध्ये मालचा महालापासून अशा फेऱ्यांना सुरुवात केली. राजस्थानातील भानगडला फेरीपेक्षा पाटीच प्रसिद्ध आहे : सूर्यास्तानंतर प्रवेश बंद, अशी पुरातत्त्व खात्याची सूचना. संरक्षित स्मारकांवर असे निर्बंध असतातच, पण भानगडची पाटी लोकांनी भुताचा दाखला म्हणून वाचली. मराठी मुलखात या जातीची सर्वांत गाजलेली गोष्ट पुण्याच्या शनिवारवाड्याची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, असे सांगणारे पिढ्यान्‌पिढ्या भेटत आले आहेत.

फेरीचे यश जागेपेक्षा वाटाड्यावर अवलंबून असते. मुरलेला वाटाड्या स्वतः भिंतीला पाठ लावून उभा राहतो, म्हणजे ऐकणाऱ्यांची पाठ आपोआप मोकळ्या अंधाराकडे होते. गोष्ट पायरीपायरीने चढते. आधी नोंदलेला इतिहास येतो, मग लोक काय म्हणतात ते, आणि शेवटी ‘गेल्याच आठवड्यात आपल्याबरोबर आलेल्या एका बाईंना...’ ही शेवटची पायरी सर्वांत संशयास्पद आणि सर्वांत परिणामकारक. एडिंबरातल्या काही फेऱ्यांत तर बोळात दबा धरून अचानक अंगावर येणारा माणूस पगारी असतो. ही मात्र पळवाट झाली. दचकवणे सोपे असते, घरी गेल्यावर दिवा मालवताना हात थबकेल अशी गोष्ट सांगणे अवघड.

असा अनुभव येतो कसा, याचाही अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबरातल्या साउथ ब्रिजखालची तळघरे येथे शेकडो लोकांचे अनुभव नोंदवले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘झपाटलेल्या’ मानल्या गेलेल्या जागी विचित्र अनुभव खरोखरच जास्त आले, पण त्यांचा मेळ बसला तो उजेडाचे प्रमाण, खोलीचा आकार अशा गोष्टींशी. जागा माणसाला घाबरवते, आणि मग माणूस तिथे भूत नेऊन बसवतो.

कोल्हापुरात वारसाफेरी रुळली. भूतफेरी तशी रुळलेली नाही. गोष्टींचा तुटवडा हे त्याचे कारण नव्हे. युरोपातली भुते इमारतीत राहतात, जिन्यावर दिसतात, खिडकीत उभी असतात. आपल्याकडची बहुतेक उघड्यावरची. मुंजा पिंपळावर, आसरा विहिरीत आणि नदीच्या डोहावर, गिऱ्हा पाण्यात, म्हसोबा शेताच्या बांधावर, वेताळ गावकुसाबाहेर. त्यातले काही धड भूतही नाहीत. त्यांना शेंदूर लागतो, नैवेद्य दाखवला जातो, वर्षाला नारळ फुटतो. ज्यांच्याशी देणेघेणे चालते, त्यांना तिकीट काढून बघायला जाणे लोकांना विचित्र वाटते.

कोल्हापुरात या भुतांचा पत्ता विचाराल तर उत्तर बहुधा तिकटी असेच मिळेल. तीन वाटा मिळतात ती जागा. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, माळकर तिकटी ही नावे आज बसथांब्यासारखी सहज तोंडात येतात आणि तिथे रात्री भीती वाटावी असे काही उरलेले नाही. पण तिकटीवर उतारा ठेवण्याची चाल शहराच्या कडेला आणि आसपासच्या गावांत दिसते : पत्रावळीवर भात, लिंबू, हळदकुंकू, कधी नारळ. तो ओलांडायचा नाही, वळसा घालून जायचे, हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. कोल्हापूरची खरी भूतफेरी आखायची झाली, तर ती राजवाड्यापेक्षा तिकट्यांवरून जायला हवी.

दुसरी जागा उसाची. करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला वीज रात्रपाळीला आली की पाणी पाजायला रात्रीच जावे लागते. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, हातात बॅटरी आणि पायाखाली चिखल. चकव्याच्या गोष्टी सर्वांत जास्त इथल्याच. माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो. मग खाली बसायचे, तंबाखूचा बार भरायचा, उजाडेपर्यंत हलायचे नाही, असा उपाय जुने लोक सांगतात. २००९ मध्ये यान सौमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात माणसांना चालवून पाहिले. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की ती सरळ चालत असल्याच्या समजुतीने गोल फिरत होती. म्हणजे चकवा खरा आहे, लावणारा कोणी नाही. आणि बसून राहण्याचा सल्ला दोन्ही हिशेबांनी बरोबरच ठरतो.

शहराच्या नावामागची कथाही राक्षसाचीच. महालक्ष्मीने कोल्हासुराला मारले आणि मरताना त्याने आपले नाव या नगराला मागून घेतले, अशी आख्यायिका आहे. नवरात्रात ललित पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. तो कोल्हासुराच्या वधाचे प्रतीक. कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झोंबाझोंबी होते, ती पाहिल्यावर राक्षसाची भीती या शहराला कितपत वाटते ते कळते. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट याहून शांत आणि जास्त अस्वस्थ करणारी. नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. तो रंकाळ्यात पोहोचला की जगबुडी. तळ्याकाठी भेळ खाताना ही गोष्ट मुलांना सांगतात. गहू मोठा की तांदूळ, यावर मुले लगेच भांडू लागतात.

इमारतींकडे वळायचेच तर एका माणसाच्या मागून जाणे सर्वांत फलदायी : मेजर चार्ल्स मँट. ब्रिटिश लष्करातला हा अभियंता-वास्तुरचनाकार. भाऊसिंगजी रस्त्यालगतचा टाउन हॉल त्याचा, समोरचे आजचे सीपीआर म्हणजे पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय त्याचे, आणि १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला नवा राजवाडाही त्याचाच. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यानेच आखला. आपली गणिते चुकली, इमारती कोसळणार, या धास्तीने त्याचे मन बिघडले असे सांगितले जाते. १८८१ मध्ये तो वारला. त्याच्या इमारती अजून उभ्या आहेत.

मँटच्या कामांपैकी एक कोल्हापुरात नाही, इटलीत आहे. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपच्या प्रवासाहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. आर्नो नदीकाठी खास परवानगी काढून त्यांना हिंदू पद्धतीने अग्नी देण्यात आला आणि त्या जागी १८७४ मध्ये मँटच्या आराखड्याची छत्री उभी राहिली. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्यातल्या समाध्यांची रांग आहे. विसाव्या वर्षी गेलेल्या राजाची छत्री मात्र परक्या नदीकाठी एकटी. वाटाड्याने घाटावर उभे राहून ही एवढीच गोष्ट सांगितली तरी फेरीचे पैसे वसूल होतात.

त्यांच्यामागून दत्तक आलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांची कहाणी तर कोणत्याही भूतकथेपेक्षा काळी. त्यांना वेडे ठरवून नजरकैदेत ठेवण्यात आले. त्यांचा छळ होतो, असा आरोप करणारा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी छापला. दिवाण माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ऐन विशीत होते. त्यानंतर १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा दत्तक आला, तो शाहू महाराज. नव्या राजवाड्याचे बांधकाम चालू असताना वास्तुरचनाकार आणि राजा या दोघांवरही वेडाचा शिक्का बसला आणि काम पुरे होण्याआधी दोघेही गेले. यात एकही भूत घालण्याची गरज नाही. घातले तर गोष्ट पातळ होईल.

१८५७ चाही एक थांबा होतो. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने बंड केले. ते मोडल्यावर सैनिकांना देहान्त शासन झाले, काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. बंडाशी संबंध असल्याच्या संशयावरून तेव्हाच्या महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला हद्दपार केले गेले. त्यांच्या नावाचा चौक रोज हजारो लोक ओलांडतात.

ब्रह्मपुरीची टेकडी मात्र या हिशेबात दुर्लक्षितच राहिली. पंचगंगेकाठच्या या टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहन काळापर्यंत मागे जाणारी वस्ती उजेडात आली. इथेच सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयाची शान आहे. यॉर्कमधल्या ट्रेझरर्स हाउसच्या तळघरात १९५३ मध्ये एका शिकाऊ प्लंबराने रोमन शिपायांची पलटण पाहिल्याचे सांगितले. शिपाई गुडघ्यापासून वरच दिसत होते, कारण जुना रोमन रस्ता त्या फरशीच्या खाली होता! त्या एका गोष्टीवर यॉर्कच्या कितीतरी फेऱ्या चालल्या. भूमध्य समुद्राकडून आलेल्या मालाच्या खुणा कोल्हापूरच्याही पोटात आहेत, पण ब्रह्मपुरीवर रात्री यवन (म्हणजे ग्रीक-रोमन) व्यापारी दिसला असे इथे कोणी म्हणत नाही. म्हटले तर ‘कुठं दिसला, दाखव की मर्दा’ असे ऐकावे लागेल.

काही जागा वगळाव्यात. सीपीआर हे चालते सरकारी रुग्णालय आहे. रात्री त्याच्या फाटकाशी पेशंटची माणसे डबा घेऊन, चादर अंथरून बसलेली असतात. त्यांच्यासमोर उभे राहून शवागाराच्या गोष्टी रंगवणे हा निर्दयपणा होय. मँटची गोष्ट टाउन हॉलच्या बाजूने सांगावी. शिवाजी पुलावरून २०१८ मध्ये बस नदीत कोसळली. ते मृत्यू फेरीच्या कामाचे नाहीत, त्यांचे आप्त जिवंत आहेत. नवा राजवाडा तर राजघराण्याचे राहते घर आहे.

पंचगंगा स्मशानभूमीचा प्रश्न निराळा. महापालिका इथे अंत्यसंस्कार मोफत करते, दहनासाठी शेणी (गोवऱ्या) वापरल्या जातात आणि होळीच्या सुमारास लोक शेणी दान करतात. ज्या स्मशानाला शहर आपल्या हाताने जळण पुरवते, ते भीतीचे ठिकाण म्हणून विकणे कठीण. रात्री स्मशानात जाण्याची चाल महाराष्ट्रात आहे, पण उलट्या हेतूने. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावास्येला लोकांना स्मशानात नेतात, ते भीती घालवण्यासाठी. भूतफेरीची ही सख्खी पण भांडकुदळ बहीण. कोल्हापुरात या विचाराला किंमतही मोजावी लागली आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० तारखेला त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरात ‘निर्भय’ मॉर्निंग वॉक काढले.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, भुताचे आवाहन करण्याची धमकी देऊन घबराट पसरवणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गोष्ट सांगणे यात येत नाही. पण फेरी संपताना वाटाड्या ‘तुमच्यामागं कायतरी लागलंय’ म्हणून बाधा काढण्याचे पैसे मागू लागला, तर ते पर्यटन राहत नाही.

पावसाळा फेरीला सोयीचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी चढले की घाटावरच्या समाध्या आणि मंदिरे बुडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. टाउन हॉल, चिमासाहेब चौक, बिंदू चौकातला जुना तट, भवानी मंडप, महाद्वार रोड, पापाची तिकटी आणि मग गंगावेशीतून घाट, असा रस्ता पायी आटोपतो. महाद्वार रोडवरची गर्दी ओसरून दुकानांची शटर खाली आल्याशिवाय वाटाड्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार नाही, त्यामुळे सुरुवात रात्री नऊनंतरच करावी. गंगावेशीत दूधकट्टा लागतो. म्हशीचे धारोष्ण दूध तिथे समोर पिळून पेल्यात मिळते. घाट पाहून परतताना तो उघडा सापडेलच असे नाही, म्हणून जातानाच थांबावे.