मोटर गेली की मशीन तुटलं?

जुन्या गाडीची काच बटण दाबूनही वर येईना झाली, की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मोटर गेली, साहेब." कधी ते खरंही असतं. पण दाराच्या पोटात दोन वेगळ्या वस्तू असतात. मोटर फक्त फिरते. त्या फिरण्यातून काच वर-खाली सरकवतो तो रेग्युलेटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत काचेचं मशीन. दोन्हींपैकी काहीही बिघडलं तरी बाहेरून दिसतं एकच, काच जागची हलत नाही. म्हणून बरेच जण अख्खा सेटच बदलून देतात. काम झटपट उरकतं, पण धडधाकट भागाचेही पैसे तुम्हीच मोजता.

दार उघडण्याआधी कान द्या. इंजिन बंद, इग्निशन चालू, पंखा-रेडिओ बंद, आणि बटण दाबायचं. आतून मोटर घुर्रर्र फिरल्याचा आवाज येतोय पण काच हलत नाही, तर संशय मशीनवर. केबलच्या मशीनमध्ये पोलादी तार एका प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षांच्या ताणाने ती तार एकेक धागा तुटत विसविशीत होते, रिळाबाहेर येते आणि गुंता होतो. असा गुंता व्हायच्या आधी काही दिवस कट-कट, चर्र असे आवाज येतात, ते बहुतेक जण दुर्लक्षित करतात. काच तिरकी होऊन एका कोपऱ्यात अडकत असेल, किंवा धाडकन दारात पडली असेल, तर काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असण्याचीच शक्यता जास्त. यात मोटरचा काही दोष नाही.

आवाजच नाही, तर मोटरकडे वळायचं, पण लगेच नाही. रात्री केबिनचा दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर करंट मोटरपर्यंत पोचतोय. मोटर तरी जाम आहे किंवा मशीन अडकून तिला फिरू देत नाही. दिव्यावर काहीच परिणाम नाही, तर करंटच जात नाही: फ्यूज, बटण, वायर किंवा मोटरच्या आतले कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे. बटण दाबून धरून मोटरच्या जागी दाराच्या पॅडवर, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणावर, मुठीने हलके ठोके मारा. मोटर एकदम जागी झाली तर ब्रश झिजले आहेत. ती अजून थोडे दिवस चालेल. पावसाळ्याआधी बदलून घ्या.

वायरचं प्रकरण वेगळंच. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून वायरी जातात आणि दार उघड-बंद होताना रोज वाकतात. जुन्या गाडीत त्या तिथेच तुटतात. दार अर्धवट उघडलं की काच चालते, मिटलं की बंद, असा प्रकार असेल तर मोटर खरेदी करायला अजिबात जाऊ नका. शिवाय अनेक जुन्या गाड्यांत डाव्या दाराचा करंट ड्रायव्हरकडच्या मुख्य स्विचमधून फिरून जातो. त्या स्विचचा एक कॉन्टॅक्ट काळा पडला की पलीकडची काच बंद पडते आणि दोष मोटरच्या माथी.

आता कानाला फसवणारी एक गोष्ट. मोटर फिरतेय असा आवाज येतो, मशीनही ठीक, तरी काच हलत नाही. मोटरच्या तोंडाशी वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा असतो, आणि तो ज्याला फिरवतो ते चाक बहुधा प्लॅस्टिकचं असतं; काही मोटरांत आत रबराचे तुकडेही असतात. ते भुगा झाले, दात गेले, की मोटर आतल्या आत गरगरत राहते. हा मोटरचाच दोष, पण लक्षणं सगळी मशीनची. म्हणून शेवटचा निकाल पॅड काढूनच. मोटरचा प्लग काढून बॅटरीच्या १२ व्होल्टच्या दोन वायरी, मध्ये फ्यूज ठेवून, थेट लावा. साध्या दोन पिनच्या मोटरला वायरी उलट्या केल्या की ती उलटी फिरते. त्याच वेळी डोळ्याने पाहा: तार हलतेय का, दात फिरतायत का.

इथे एक धोका. केबलऐवजी कैचीचं मशीन, म्हणजे कैचीसारख्या हातांनी काच उचलणारं, असेल, तर काचेचं वजन तोलायला त्यात गुंडाळलेली ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सोडवली की मशीनचा हात फटकन फिरतो आणि बोट चिरडू शकतो. आधी काच टेपने वर चिकटवा, मशीनचा हात क्लॅम्पने बांधा, मगच बोल्ट सोडा.

मग बदलायचं काय? माझं मत असं: केबल तुटली असेल तर मशीन बदला, मोटर तीच ठेवा. मोटर गेली असेल आणि मशीनची तार चकचकीत, घट्ट दिसत असेल, तर मशीनला हात लावू नका. दोन्हींची वयं झालीच असतील तर पॅड पुन्हा खोलायचे कष्ट वाचवायला सेट घेणं शहाणपणाचं, पण ते तुम्ही ठरवा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत जुना भाग शोधायला जाणार असाल, तर तुमचा काढलेला भाग हातात घेऊनच जा. डावं-उजवं एकमेकांचं प्रतिबिंब असतं, प्लगच्या पिना जुळाव्या लागतात, आणि मोटर दुकानातच बॅटरीवर चालवून घ्यावी.

परत लावताना पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाडून फेकू नका. काचेवरून आत उतरलेलं पाणी तो रोखतो. तो गेला की पावसाळ्यात पॅड फुगतं आणि गाडीतली मॅट ओली होते. दाराच्या तळातली छिद्रं चिखलाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा, नाहीतर नवी मोटरही साचलेल्या पाण्यात गंजेल. काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खोबणीत सिलिकॉन स्प्रे मारा. ऑइल नको, त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते.