हजारो नायकांच्या जगात कथा कशी टिकली

कादंबरीला एक नायक असतो आणि शेवटचं पान असतं. ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये या दोन्हींची सोय नाही. एकाच ड्रॅगनला रोज शेकडो जण मारतात, तो पुन्हा उठतो, आणि गावातला म्हातारा समोर येईल त्याला ‘आता तूच आमचा तारणहार’ असं सांगतो. अशा जगात कथेला वजन कसं यायचं, या पेचातूनच या खेळांचा लोर, म्हणजे त्यांच्या जगामागचा इतिहास आणि पुराणकथा, घडत गेला आहे.

1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हा हा पेच नव्हता. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू असायचे आणि त्यांच्या प्रत्येक चालीनुसार गोष्ट वळवणारा जिवंत कथेकरी समोर बसलेला असायचा. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा शब्दांनीच रंगवलेला, अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ घडवायला घेतला. इथे नियम संगणकाने सांभाळले, पण टेबलावरचा कथेकरी हरवला. त्याची उणीव पुढची कितीतरी वर्षं जाणवत राहिली.

1997 च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने एका तांत्रिक अडचणीचं सोनं केलं. सगळे खेळाडू एका सर्व्हरवर मावणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच जगाच्या अनेक प्रती चालवाव्या लागणार होत्या. याचं कारण कथेत सापडलं: मोंडेन या दुष्ट जादूगाराचं रत्न मूळ ‘अल्टिमा’ मालिकेतल्या नायकाने फोडलं होतं, आणि आता त्याच्या प्रत्येक तुकड्यात त्या जगाचं एकेक प्रतिबिंब अडकून राहिलं आहे असं ठरलं. सर्व्हरला ‘शार्ड’ (तुकडा) म्हणायची पद्धत या खेळाने रूढ केली. माझ्या मते लोर लिहिण्याची ही सर्वांत सुंदर तऱ्हा आहे, कारण यंत्राची मर्यादा लपवण्याऐवजी तिलाच पुराणकथेत जागा मिळाली.

मग खेळाडूंनी स्वतः कथेत हात घातला. 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲशरॉन्स कॉल’मध्ये दर महिन्याला कथानक पुढे सरकायचं. बेलझरॉन नावाचा राक्षस स्फटिकांमध्ये बंदिस्त होता. खेळाडूंनी ते फोडायचे आणि तो मोकळा व्हायचा, असं ठरलेलं होतं. थिसलडाउन सर्व्हरवरच्या काही जणांनी मात्र शेवटच्या स्फटिकाभोवती पहारा बसवला आणि फोडायला येणाऱ्या प्रत्येकाला परतवून लावलं. शेवटी निर्मात्यांना स्वतः खेळात उतरून तो पहारा मोडावा लागला. लिखित कथा हरता हरता वाचली, आणि त्या सर्व्हरच्या इतिहासात राखणदारांचा अध्याय कायमचा जोडला गेला.

‘एव्हरक्वेस्ट’मध्येही असंच घडलं. कराफर्म हा निद्रिस्त ड्रॅगन एका सर्व्हरवर एकदाच जागा व्हायचा आणि त्याला कोणी मारू शकणार नाही अशीच त्याची रचना होती. नोव्हेंबर 2003 मध्ये रॅलोस झेक सर्व्हरवर सुमारे 200 खेळाडू एकत्र आले. पहिल्या झुंजीत तो अर्धमेला झालेला असतानाच गायब करण्यात आला. संतापाची लाट उसळली आणि त्यांना पुन्हा संधी मिळाली. जवळपास तीन तास मरत, उठत, पुन्हा मरत त्यांनी त्याला पाडलं. हाती काहीच लागलं नाही. आजही ती कथा सांगितली जाते.

2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने कामगिरी देणाऱ्या पात्राच्या डोक्यावरचं पिवळं उद्गारचिन्ह घराघरांत नेलं. त्या कामगिरीचा मजकूर 511 अक्षरांत बसवावा लागे, आणि बहुतेक जण तो न वाचताच ‘स्वीकारा’वर क्लिक करत. तरीही त्या चार-पाच ओळींत एखाद्या शेतकऱ्याचं उजाड झालेलं घर उभं करणाऱ्या लेखकांचं कौशल्य मला फार मोठं वाटतं. वाचत खेळणाऱ्यालाच ते दिसतं.

हजारो नायकांच्या मूळ पेचाला सर्वांत धीट उत्तर दिलं ‘फायनल फँटसी फोर्टीन’ने. 2010 ची पहिली आवृत्ती सपशेल पडली, तेव्हा नाओकी योशिदा यांच्या चमूने नवा खेळ बांधायला घेतला आणि जुन्या खेळाचा शेवटही कथेतच केला. आकाशातला तांबडा चंद्र दिवसेंदिवस जवळ येत गेला, आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी सर्व्हर बंद होताना तो फुटून त्यातून बाहामुट हा महाकाय ड्रॅगन बाहेर पडला. 2013 मध्ये नवं जग उघडलं तेव्हा तिथल्या लोकांना आपले जुने रक्षणकर्ते आठवत होते, पण आठवू गेलं की त्यांचे चेहरे प्रखर उजेडात पुसट व्हायचे. त्यामुळे जुना प्रत्येक खेळाडू त्या आठवणीत स्वतःला बसवू शकत होता.