राष्ट्रपती म्हणजे नुसता रबरी शिक्का?

'मंत्रिमंडळ सांगेल तिथे सही करायची, एवढंच राष्ट्रपतींचं काम', हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे.

खरा अर्धा भाग अनुच्छेद ७४ मध्ये आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचं स्पष्ट लिहिलं गेलं. पण १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक फट ठेवली: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला, की मानावाच लागतो.

विधेयकांचं गणित वेगळं, आणि मजा इथेच आहे. अनुच्छेद १११ नुसार संमती द्यायची, रोखायची किंवा विधेयक परत पाठवायचं. धन विधेयक (कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं) मात्र परत पाठवता येत नाही. परत पाठवलेलं विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केलं, अगदी काना-मात्रा न बदलता, तरी मग संमती रोखता येत नाही. २००६ मध्ये 'लाभाचे पद' विधेयक डॉ. कलामांनी परत पाठवलं. संसदेने तसंच पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली.

मग निर्णयच घेतला नाही तर? परत पाठवायचं तर 'शक्य तितक्या लवकर', एवढंच घटना म्हणते. दिवसांचा आकडा नाही. (अमेरिकेत रविवार वगळून १० दिवस मिळतात.) संसदेने १९८६ मध्ये मंजूर केलेलं टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी तसंच ठेवून दिलं. ना सही, ना परत. त्याचा कायदा कधीच झाला नाही.

घटनादुरुस्ती विधेयकाला मात्र ही पळवाट नाही: १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून तिथे संमती द्यावीच लागते.